उन्हातले इंधन : औषधासारखे तपासून घ्यावे

थंडी सुरू झाली की कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेचे रुग्ण रुग्णालयात येऊ लागतात. लहानसे न्हाणीघर, बंद खिडकी आणि भिंतीवर गॅसचा गिझर, किंवा दार लावून घेतलेल्या खोलीत रात्रभर धुमसणारी शेगडी, ही त्याची नेहमीची कारणे. या वायूला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातले हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा त्याला दोनशे पटींहून अधिक घट्ट धरून ठेवते. त्यामुळे श्वास चालू असतो, पण मेंदूला आणि हृदयाला ऑक्सिजन पोहोचत नाही. आपण गुदमरत आहोत हे माणसाचे त्यालाही कळत नाही.

डॉक्टरांच्या लेखी हा वायू शत्रू आहे. रसायनशास्त्राच्या लेखी मात्र तो अर्धवट जळालेला कार्बन आहे. अर्धवट जळालेला म्हणजे अजून जळू शकणारा, म्हणजेच इंधन. त्याला हायड्रोजनची जोड दिली की जे मिश्रण होते त्याला सिनगॅस म्हणतात. या सिनगॅसपासून मिथेनॉल, डिझेल, रॉकेल, विमानाचे इंधन असे सगळे काही बनवता येते. ही पद्धत नवी नाही. फ्रान्झ फिशर आणि हान्स ट्रॉप्श या शास्त्रज्ञांनी १९२०च्या दशकात जर्मनीत ती शोधून काढली. आजवर त्यासाठी लागणारा सिनगॅस कोळशापासून किंवा नैसर्गिक वायूपासून केला जाई. गेल्या पंधरा-वीस वर्षांत तो पाणी, हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि ऊन यांपासून करण्याचे प्रयोग सुरू आहेत. त्या प्रयोगांच्या मध्यभागी आहे एक सच्छिद्र सिरॅमिक, म्हणजे भाजलेल्या मातीच्या कुळातला, स्पंजासारखा दिसणारा पदार्थ.

आरोग्याच्या आणि विज्ञानाच्या या स्तंभात त्यावर लिहिण्याचे कारण सरळ आहे. आपल्या जिल्ह्यात फुप्फुसाचे जे आजार दिसतात, त्यांतल्या बऱ्याच आजारांचे मूळ उष्णता मिळवण्याच्या आपल्या पद्धतीत आहे : चूल, शेगडी, वीटभट्टी, कारखान्याचा बॉयलर, डिझेलचे इंजिन. धूर न करता उष्णता आणि इंधन मिळण्याची शक्यता कोणी दाखवत असेल, तर ती नीट तपासणे हे आरोग्याचेच काम आहे. तपासणे म्हणजे टाळ्या वाजवणे नव्हे, आणि झटकून टाकणेही नव्हे.

गॅसबत्तीच्या जाळीपासून

हा पदार्थ समजून घ्यायला फार लांब जायची गरज नाही. पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना लग्नाच्या मांडवातली गॅसबत्ती आठवत असेल. तिच्यात रेशमासारख्या कापडाची एक छोटी पिशवी बांधत. पहिल्यांदा पेटवली की कापड जळून जाई आणि मागे पांढरी, हात लावला तर भुगा होणारी जाळी उरे. उजेड पडायचा तो त्या जाळीचा. ऑस्ट्रियाचे कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी १८९१ मध्ये तिचे यशस्वी मिश्रण ठरवले : ९९ टक्के थोरियम ऑक्साइड आणि एक टक्का सिरियम ऑक्साइड. त्या क्षारांच्या द्रावणात कापड भिजवायचे, वाळवायचे आणि जाळायचे. कापड जाते, त्याच्या आकाराचे सिरॅमिक उरते.

आजच्या सौरभट्टीतला स्पंज याच युक्तीने बनतो. गादीत असतो तसा फोमचा तुकडा घेतात, तो सिरियम ऑक्साइडच्या घट्ट पिठीत बुडवतात, वाळवतात आणि भट्टीत घालतात. फोम जळून जातो, सिरॅमिकचा सांगाडा राहतो. आपल्याकडचा वीटभट्टीवाला मातीत भाताचे तूस मिसळतो तेव्हा तेच घडत असते. तूस जळते, विटेत बारीक पोकळ्या उरतात, वीट हलकी होते. पाण्याचा माठ गार राहतो तोही त्याच्या सूक्ष्म छिद्रांमुळेच. सच्छिद्र सिरॅमिक हे नाव नवे वाटले तरी वस्तू आपल्या घरातलीच आहे.

सिरियमही तितके दुर्मीळ नाही. 'दुर्मीळ मृदा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मूलद्रव्यांत ते मोडते, पण पृथ्वीच्या कवचात त्याचे प्रमाण साधारण तांब्याइतके आहे. भारतात केरळ, तमिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यांवरच्या मोनाझाइट वाळूत ते आहे. त्या वाळूचे काम करणाऱ्या आयआरईएल या सरकारी कंपनीचे मुख्य कार्यालय तर मुंबईत प्रभादेवीला आहे.

विष मोडणारा आणि विष घडवणारा

सिरियम ऑक्साइडचा एक विशेष गुण आहे : ऑक्सिजन सोडणे आणि परत घेणे. त्याची मूळ चौकट न मोडता हे पुन:पुन्हा घडू शकते. रक्तातले हिमोग्लोबिन जसे फुप्फुसात ऑक्सिजन उचलते आणि पेशींजवळ सोडते, तसेच काहीसे.

या गुणाचा उपयोग आपण रोज करत आहोत. मुंबईसह चार महानगरांत १९९५ पासून नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बंधनकारक झाला. गाडीच्या पोटाखाली, धुराच्या नळीत बसवलेल्या त्या डब्यात मधमाशीच्या पोळ्यासारखे सिरॅमिक असते आणि त्यावरच्या लेपात सिरियम ऑक्साइड असते. इंजिनातून येणाऱ्या धुरात ऑक्सिजन कमी पडला की सिरियम ऑक्साइड आपल्याजवळचा ऑक्सिजन देऊन कार्बन मोनॉक्साइडचे कार्बन डायऑक्साइड करायला मदत करते. नंतर ऑक्सिजन जास्त झाला की तो परत साठवून ठेवते. म्हणजे इथे ते विष मोडते.

सौरभट्टीत हेच काम उलट्या दिशेने होते. आरशांनी एकवटलेले ऊन भट्टीच्या काचेच्या खिडकीतून आत सोडतात. ऊन नेहमीच्या हजार-दोन हजार पट तीव्र होते आणि आतला सिरॅमिक स्पंज सुमारे १५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. एवढ्या उष्णतेत तो थोडा ऑक्सिजन सोडतो. मग त्याला सुमारे ९०० अंशांपर्यंत थंड करतात आणि त्यावरून वाफ व कार्बन डायऑक्साइड सोडतात. ऑक्सिजनला आसुसलेला स्पंज त्या दोघांमधून ऑक्सिजन ओढून घेतो. वाफेचा हायड्रोजन उरतो, कार्बन डायऑक्साइडचा कार्बन मोनॉक्साइड उरतो. सिनगॅस तयार! स्पंज पुन्हा पहिल्यासारखा झालेला असतो, त्याला पुन्हा तापवायचे. या सगळ्यात सिरियम ऑक्साइड संपत नाही. खर्च होते ते ऊन, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड. इंधन जाळल्यावर जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत जाईल, तेवढाच आधी हवेतून घेतलेला असेल, तर हिशेब बरोबरीत सुटतो.

मग छिद्रे कशाला हवीत? याचे उत्तर शरीरशास्त्र शिकलेल्याला लगेच पटते. फुप्फुसात हवा आत नेण्यासाठी रुंद श्वासनलिका लागतात आणि वायूंची देवाणघेवाण करण्यासाठी अतिसूक्ष्म वायुकोश लागतात. नुसत्या नलिका असत्या तर पृष्ठभाग पुरला नसता. नुसते वायुकोश असते तर हवा तिथवर पोहोचलीच नसती. सिरॅमिक स्पंजातही असेच दुहेरी काम असते. मिलिमीटरच्या मापाची मोठी छिद्रे ऊन खोलवर जाऊ देतात, नाहीतर पुढचा थर वितळायला येईल आणि मागचा गारच राहील. स्पंजाच्या काड्यांमधली केसाहून बारीक छिद्रे वाफेला आणि वायूला भरपूर पृष्ठभाग देतात. झुरिचच्या ईटीएच या विद्यापीठाच्या संशोधकांनी अलीकडे त्रिमितीय छपाईने असे सिरॅमिक बनवले, ज्यात उन्हाच्या बाजूला मोकळी रचना आणि मागे दाट रचना आहे. तेवढ्याच उन्हात इंधन दुप्पट मिळू शकते, असे त्यांना दिसले. पदार्थ तोच, फरक पडला तो पोकळीच्या मांडणीने.

आपल्याकडे काय झाले

उन्हाची उष्णता कामाला लावणे वसईला नवे नाही. मिठागरांत समुद्राचे पाणी उन्हानेच आटते. अर्नाळा, नायगाव, पाचूबंदर इथे बांबूंच्या वलांड्यांवर बोंबील उन्हानेच वाळतात. पण ही उष्णता सौम्य असते. ती तीव्र करायला आरसे लागतात, आणि महाराष्ट्राने ते पाऊल आधीच टाकलेले आहे.

या शतकाच्या पहिल्या दशकात लातूरच्या महानंद डेअरीत 'अरुण' नावाची आरशांची प्रचंड तबकडी उभी राहिली. आयआयटी मुंबईचे प्रा. शिरीष केदारे यांच्या संशोधनातून ती आली. सुमारे १६० चौरस मीटरची ही तबकडी सूर्यामागे फिरत राही आणि तिच्या उष्णतेवर दुधाचे पाश्चरायझेशन होई. तेवढे भट्टीचे तेल वाचे. शिर्डीच्या साईबाबा संस्थानाच्या प्रसादालयात २००९ मध्ये ७३ तबकड्या बसवून त्यांच्या वाफेवर भक्तांसाठी अन्न शिजवायला सुरुवात झाली. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे आयसीटीमध्ये, प्रा. गणपती यादव यांच्या गटाने ओएनजीसीच्या ऊर्जा केंद्राबरोबर तांबे आणि क्लोरीन यांच्या संयुगांचे चक्र वापरून, सुमारे ५५० अंशांच्या उष्णतेत पाण्यापासून हायड्रोजन वेगळा करण्याची पद्धत विकसित केली. उष्णतेने पाणी फोडण्याचे काम मुंबईतच झालेले आहे, हे किती जणांना माहीत असेल?

लातूरच्या दुधाला आणि शिर्डीच्या वाफेला लागणारी उष्णता दोनशे अंशांच्या आसपासची किंवा त्याहून कमी. सिरॅमिक स्पंजाला लागते १५०० अंश. हे अंतर मोठे आहे आणि ते आरशांच्या अचूकतेचे जितके आहे तितकेच पदार्थाचे आहे. रोज पंधराशे अंशांपर्यंत तापून, थंड होऊन, पुन्हा तापूनही ज्याला तडा जात नाही असे सिरॅमिक बनवणे ही खरी गाठ आहे. आपल्या छतांवर आणि माळरानांवर विजेचे पॅनेल भराभर वाढले, हे चांगलेच झाले. पण उष्णतेचा विषय मात्र काही डेअऱ्या आणि प्रसादालये एवढ्यापुरता राहिला.

चाचणीचे टप्पे

नवे औषध निघाले की आम्ही ठरावीक प्रश्न विचारतो. प्रयोगशाळेत चालले का? माणसात चालले का? किती डोस लागतो? जुन्या औषधापेक्षा बरे आहे का? दुष्परिणाम कोणते? दहा वर्षांनी काय होते? बातमीत पहिल्याच प्रश्नाचे उत्तर असते आणि रुग्ण मात्र शेवटच्या प्रश्नापर्यंत जाऊन औषध मागतो. उन्हातल्या इंधनालाही हेच प्रश्न विचारू.

प्रयोगशाळेत चालले का? होय. २०१० मध्ये अमेरिका आणि स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी सिरियम ऑक्साइडची पाचशे चक्रे चालवून दाखवली. उन्हातली जेमतेम ०.८ टक्का ऊर्जा इंधनात उतरली होती. २०१७ पर्यंत ईटीएचमध्ये, दिव्यांनी केलेल्या कृत्रिम उन्हात, हा आकडा ५.२५ टक्क्यांवर गेला.

उघड्या आभाळाखाली चालले का? तेही होय. २०१९ मध्ये झुरिचमध्ये ईटीएचच्या छपरावर एक छोटी यंत्रणा लागली. ती हवेतूनच पाणी आणि कार्बन डायऑक्साइड घेई आणि दिवसाला सुमारे १०० मिलिलिटर द्रव इंधन देई. खोकल्याच्या औषधाची एक बाटली भरेल एवढे. पुढे स्पेनमध्ये माद्रिदजवळ मोस्तोलेस इथे १६९ आरसे, एक मनोरा आणि ५० किलोवॉटची भट्टी उभारून विमानाच्या इंधनापर्यंतची सगळी साखळी एका जागी जोडली गेली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या अहवालात ऊन ते सिनगॅस ही कार्यक्षमता ४.१ टक्के होती. जर्मनीत युलिश इथे सिन्हेलिऑन कंपनीचा प्रकल्प जून २०२४ मध्ये सुरू झाला. तो औद्योगिक मापाकडे एक पाऊल पुढे आहे, पण त्याची प्रक्रिया वेगळी आहे. तिथे सूर्याच्या उष्णतेवर जैवमिथेन आणि वाफ यांचा सिनगॅस करतात, आणि रात्रीसाठी उष्णता सिरॅमिकच्या विटांत साठवतात. दोन्हींना एकाच नावाने 'सौरइंधन' म्हटले जाते. वाचकाने फरक लक्षात ठेवावा.

डोस किती लागतो? ढोबळ हिशेब करून पाहू. कोरड्या, निरभ्र प्रदेशात एक चौरस मीटर आरशावर दिवसाला साधारण पाच युनिट थेट ऊन पडते असे धरा. त्यातले चार टक्के म्हणजे ०.२ युनिट. एक लिटर रॉकेलात सुमारे दहा युनिट ऊर्जा असते. म्हणजे एक चौरस मीटर आरशामागे दिवसाला फार तर २० मिलिलिटर इंधन. औषधाच्या मापाने चार चमचे. सिनगॅसचे रॉकेल करताना आणखी घट होते ती वेगळीच. कार्यक्षमता १५ टक्क्यांवर गेली तर पंधरा चमचे. अजून चारच चमचे आहेत, पण दशकापूर्वी तो एकच चमचा होता, हेही खरे.

यात अडचण कुठे आहे? १५०० अंशांवर सिरियम ऑक्साइड आपल्यातल्या शंभर ऑक्सिजन अणूंपैकी दोन-तीनच सोडते. उरलेल्या सगळ्या वजनाला विनाकारण तापवायचे आणि परत थंड करायचे. ही वाया जाणारी उष्णता अडवून पुन्हा वापरता आली, किंवा कमी तापमानात जास्त ऑक्सिजन सोडणारे दुसरे सिरॅमिक सापडले, तर आकडा वर जाईल. पेरोव्हस्काइट कुळातली काही सिरॅमिके ऑक्सिजन सहज सोडतात, पण पाण्यातून तो परत ओढून घेण्यात कमी पडतात. एका गुणावर औषध निवडले की दुसऱ्या ठिकाणी दुखते, तसे.

जुन्या उपायापेक्षा बरे आहे का? हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. तेवढ्याच जागेत विजेचे साधे पॅनेल एक युनिटच्या आसपास वीज देते. जिथे वीज चालते तिथे आधी इंधन करून मग ते जाळणे म्हणजे गोळीने बरे होणाऱ्याला शस्त्रक्रिया सांगणे. लोकल, रिक्षा, स्कूटर, पाण्याचा पंप, स्वयंपाक, यांना वीज पुरे. द्रव इंधन राखून ठेवावे ते लांबच्या विमानांसाठी आणि मोठ्या जहाजांसाठी, कारण तिथे बॅटरीचे वजनच झेपत नाही. हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही. आपल्याच जिल्ह्यात ऑगस्ट २०२४ मध्ये वाढवण बंदराची पायाभरणी झाली. आंतरराष्ट्रीय उड्डाणांत २०२७ पासून एक टक्का आणि २०२८ पासून दोन टक्के शाश्वत इंधन मिसळण्याचे लक्ष्य केंद्राने ठेवले आहे. मे २०२३ मध्ये पुणे ते दिल्ली विमान पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने बनवलेल्या इंधनाच्या मिश्रणावर उडाले. तिथला कच्चा माल शेतीतून येतो, आणि शेतीतून म्हटले की आपल्या राज्यात ऊस आणि पाणी यांचा प्रश्न येतोच. उन्हातल्या इंधनाला रसायनशास्त्राच्या हिशेबाने एका लिटरमागे साधारण एक लिटर पाणी आणि अडीच किलो कार्बन डायऑक्साइड लागतो. शेत लागत नाही. ही त्याची खरी जमेची बाजू.

आणि हे कुठे लावायचे? वसईत नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. लहानपणी भिंगाने कागद जाळून पाहिला असेल त्याला कारण माहीत आहे. आभाळ स्वच्छ असेल तरच ठिणगी पडते. ढग किंवा दमट धुरकट हवा असेल तर उजेड कितीही असो, कागद जळत नाही. विखुरलेला प्रकाश आरशांना एकवटता येत नाही. कोकणपट्टीची दमट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस पाहता अशा भट्टीची जागा सोलापूर, लातूर, धुळे अशा कोरड्या भागांत आहे. तिथे आरसे धुवायला लागणाऱ्या पाण्याचाही हिशेब आधी मांडावा लागेल. २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, तिथे तो विसरून चालणार नाही.

दुष्परिणामांचा रकाना

ऊर्जेच्या चर्चेत एक रकाना नेहमी कोरा राहतो : यंत्र बनवणाऱ्या आणि चालवणाऱ्या कामगाराच्या शरीराचे काय होणार. तो भरणे हे डॉक्टरांचे काम.

सिरियमची धूळ निरुपद्रवी नाही. छपाईच्या ठशांचे काम करणारे आणि चित्रपटगृहांतले प्रक्षेपक चालवणारे कामगार पूर्वी कार्बनच्या कांड्यांच्या प्रखर दिव्यांजवळ वर्षानुवर्षे काम करत. त्या कांड्यांत सिरियम आणि इतर दुर्मीळ मृदा असत. त्यांतल्या काहींच्या फुप्फुसांत ती धूळ साचून आजार झाल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. उच्च तापमानाच्या भट्ट्यांना आतून जे सिरॅमिक तंतूंचे अस्तर लावतात, त्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने 'कर्करोगाला कारण ठरण्याची शक्यता असलेले' अशा गटात ठेवले आहे. सिनगॅस गळला तर सुरुवातीला सांगितलेले कार्बन मोनॉक्साइडचे संकट उभे राहते, आणि हजारपट ऊन डोळ्यांवर पडणे म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको.

यातले काहीही टाळता न येण्यासारखे नाही. ओली प्रक्रिया, धूळ ओढून घेणारे पंखे, योग्य मास्क, वायू ओळखणारे अलार्म, कामगारांची ठरावीक काळाने फुप्फुस-तपासणी, हे उपाय माहीत आहेत. मात्र ते प्रकल्पाच्या पहिल्या आराखड्यात असायला हवेत. कारखाना वीस वर्षे चालल्यावर कामगार दम लागतो म्हणून ओपीडीत आला, तर उशीर झालेला असतो. सिलिकाच्या धुळीने देशभरातल्या दगडखाणींमधल्या मजुरांचे काय केले ते आपण पाहिले आहे. नव्या, 'स्वच्छ' उद्योगाने तीच चूक नव्या धुळीने करू नये.

आजचा उपचार थांबवू नये

दिवाळी झाली की जव्हार, मोखाडा, विक्रमगड भागातली आदिवासी कुटुंबे वसई, वाडा, भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर येतात आणि पावसाच्या तोंडावर परत जातात. भट्टी, त्यांची झोपडी, चूल आणि लेकरे सगळे एकाच धुरात असते. त्या धुराचा परिणाम आम्हाला छातीच्या एक्स-रेत दिसतो : आयुष्यात कधी विडी न ओढलेल्या, पन्नाशीतल्या बाईची फुप्फुसे जुन्या विडी ओढणाऱ्यासारखी. घरातल्या चुलीच्या धुराने २०२० मध्ये जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. सिरॅमिक स्पंज या बाईसाठी यावर्षी काही करू शकत नाही, पुढच्या दहा वर्षांतही कदाचित नाही. तिला हवा आहे परवडणाऱ्या दरात भरून मिळणारा सिलिंडर, भट्टीपासून दूर राहण्याची जागा, आणि भट्टीमालकाकडून धूर कमी करणारी भट्टी. हे उपाय आज उपलब्ध आहेत.

उद्या येणाऱ्या लशीच्या भरवशावर कोणी आजची प्रतिजैविके बंद करत नाही. तसेच, 'सौरइंधन येतेच आहे' असे म्हणून आजचा धूर चालू ठेवणे ही फसवणूक ठरेल. विमान कंपन्यांनीही त्याचा आडोसा घेऊ नये. पण उलट बाजूची चूकही तितकीच मोठी आहे. आज रुग्णांची गर्दी आहे म्हणून संशोधनच बंद करणारे रुग्णालय दहा वर्षांनी त्याच गर्दीला तेच जुने औषध देत बसते.

महाराष्ट्राने तीन गोष्टी कराव्यात. एक, ऊर्जेच्या नियोजनात विजेइतकाच उष्णतेचा स्वतंत्र हिशेब ठेवावा. कोणत्या उद्योगाला किती अंशांची उष्णता लागते आणि ती आज कशाच्या धुरातून येते, याची जिल्हावार नोंद करावी. दोन, दोनशे अंशांपर्यंतच्या कामासाठी लातूर-शिर्डीचा अनुभव धूळ खात ठेवू नये. दुग्धशाळा, आश्रमशाळांची स्वयंपाकघरे, कापड रंगवण्याचे कारखाने यांच्यासाठी तो आजच उपयोगाचा आहे. तीन, सोलापूर-लातूरच्या पट्ट्यात उच्च तापमानाच्या सिरॅमिकची एक चाचणीजागा उभारावी. आयआयटी मुंबईकडे आरशांचे ज्ञान आहे, आयसीटीकडे उष्णतेने पाणी फोडण्याचे आहे, कोलकात्याच्या केंद्रीय काच व सिरॅमिक संस्थेकडे पदार्थांचे आहे, आयआरईएलकडे सिरियम आहे. त्यांना एका जागी आणण्याचा खर्च मोठ्या प्रकल्पांच्या मानाने किरकोळ ठरेल. त्या चाचणीचे निकाल, चांगले आणि वाईट, दोन्ही जाहीर करण्याची अट मात्र पहिल्या दिवसापासून असावी. औषधांच्या चाचण्यांत फक्त यशस्वी निकाल छापले जात, तेव्हा किती नुकसान झाले ते आमच्या व्यवसायाने अनुभवले आहे.

चार चमचे इंधन ही फुशारकी मारण्यासारखी गोष्ट नाही. पण पेनिसिलिनचीही सुरुवात इतकी अपुरी होती की पहिल्या रुग्णाच्या लघवीतून ते पुन्हा गाळून घेऊन वापरावे लागले, आणि शेवटी ते संपले म्हणून १९४१ मध्ये तो रुग्ण दगावला. औषध खोटे नव्हते, पुरेसे नव्हते. पुरेसे करण्याचे काम त्यानंतरच्या तीन-चार वर्षांत, ठरवून पैसा आणि माणसे लावल्यामुळे झाले. उन्हातले इंधन त्या वाटेवर आहे की अर्ध्यात थांबणाऱ्या वाटेवर, हे चाचणीच सांगेल. ती चाचणी आपल्या उन्हात, आपल्या संशोधकांच्या हातून आणि कामगारांच्या फुप्फुसांची काळजी घेऊन व्हावी, एवढा आग्रह आपण धरायलाच हवा.